दसऱ्याची उपाशी करवत

माझं आजवरचं सगळ्यात नेमकं वर्णन मामांनी केलं, आणि तेही मी कामाला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी स्टोअरच्या खिडकीतून तिसऱ्यांदा ओरडले होते, "मामा, तो चार इंची बार झाला का? गाडी उभी आहे!" मामा मशीनशेजारी पत्र्याच्या डब्यावर डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडताच म्हणाले, "बाय, तू चॉप सॉ हायस. आवाज आधी, ठिणग्या मग, काम सगळ्यात शेवटी."

गाडीवाला खो-खो हसला. मी दोन दिवस मामांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी बोलत नाही हे त्यांना कळलेलंच नाही, उलट दोन दिवस बरे गेले असं त्यांचं मत होतं. मग मी पुन्हा बोलायला लागले.

पालघर जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी मी त्या दुकानात लागले. चारोटी नाक्याच्या जरा पुढे, तलासरीच्या दिशेला, हायवेला लागून एक लांबट शेड होती. आत फक्त लोखंड कापायचं काम. कारखान्यांना लागणारे बार, पाइप, अँगल आम्ही मापाप्रमाणे कापून द्यायचो. वेल्डिंग नाही, लेथ नाही, काही नाही. शेठ गुजराती, राहायला सीमेपलीकडे. मी कासाची. माझ्याकडे स्टोअर होतं. ब्लेड द्यायचे, परत घ्यायचे, याद्या ठेवायच्या आणि गाडी आली की आरडाओरडा करायचा. शेवटचं काम मला कुणी दिलेलं नव्हतं, ते मी आपणहून अंगावर घेतलं होतं.

मामा कापणारे. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडे त्यांचा पाडा, घरची थोडी भातशेती, वर उतारावर नागली. रोज दोन जीपा बदलून यायचे. साठीला आलेले, अंगाने वाळलेले, हाताची बोटं मात्र गवारीच्या शेंगांच्या नव्हे, वांग्यांच्या जातीची. त्यांना बहीण नव्हती, म्हणजे ते कुणाचेच मामा नव्हते. पण शेठच्या नातवापासून ट्रकच्या क्लीनरपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर एका बाईच्या बोटाबद्दल लिहावं लागतं. ते बोट माझ्यामुळे गेलं का, हा प्रश्न मी जवळजवळ चार वर्षं घेऊन हिंडले. तिथं आलं की माझा हात अडतो, म्हणून आधी करवतींबद्दल लिहिते. मामांनीही तेच केलं असतं.

आमच्याकडे मशीनच्या करवती चार तऱ्हेच्या होत्या आणि जगातली माणसंही तेवढ्याच तऱ्हेची असतात असं मामांचं ठाम मत होतं. सगळ्यात जुनी हॅकसॉ मशीन. हातातल्या करवतीसारखीच, पण मोटर लावलेली. ब्लेड एका फेरीत कापतं आणि परतताना जरासं उचलून रिकामं येतं. तिला ते म्हातारी म्हणायचे. "कापते आन् श्वास घेते, कापते आन् श्वास घेते. मानसाने असं काम करावं." जाड बार असला की म्हातारीला अर्धा तास लागायचा, तेवढा वेळ मामा डोळे मिटून बसायचे. आम्हाला वाटायचं झोपले. पण ब्लेडचा एखादा दाता मोडला की आम्हाला काही ऐकू यायच्या आत मामा उठून बटण बंद करत.

दुसरी बँडसॉ, म्हणजे दातेरी पट्ट्याचं मोठं वेटोळं दोन चाकांवर न थांबता फिरतं आणि वरून दुधासारखं पांढरं पाणी पडत राहतं. मामांच्या मते शेठ म्हणजे बँडसॉ. "दिवसभर फिरतो, थांबत नाय. पन वरून सारखं ओतायला पायजे." शेठना दर तासाला चहा लागायचा. तिसरी गोल चक्री, हळू फिरणारी, जिच्या कापाची कड इतकी गुळगुळीत येते की कानस लावावी लागत नाही. त्या जातीची माणसं मामांना आयुष्यात दोनच भेटली होती. एक मामी. दुसरं कोण, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मामींना ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

चौथी चॉप सॉ, म्हणजे मी. तिला दातच नसतात. दगडासारख्या कडक मसाल्याची चकती गरागरा फिरते आणि लोखंडाला घासत, जाळत आरपार जाते. एका मिनिटात काम, पण शेडभर ठिणग्या आणि कानठळ्या. मामा तिला करवत मानायलाच तयार नव्हते. "ती कापत नाय, ती जाळते. कड बग, निळी पडली." गिऱ्हाइकाला घाई असली तर ते ती चालवायचे, पण तोंड दुसरीकडे करून, घरात नको असलेल्या पाहुण्याला चहा द्यावा तसे.

ह्या चौघींशिवाय हातातल्या हॅकसॉच्या अकरा फ्रेमी होत्या. लोखंडी चौकट, तिला ताणून बसवलेलं बोटभर रुंदीचं ब्लेड, बाकी सगळी ताकद दंडाची. "ह्या जातीचा माणूस कोण?" मी एकदा विचारलं. मामांनी बराच विचार केला. म्हणाले, "आजून नाय भेटला." स्वतःचं नाव त्यांच्या मनातही आलं नाही.

मामांचा खरा छळ सुरू व्हायचा तो मापापाशी. करवत स्वतःही थोडं लोखंड खाते. ब्लेडच्या जाडीएवढा भुगा होऊन खाली पडतो. नवा माणूस हे विसरतो आणि शेवटचा तुकडा आखूड भरतो. मामा त्याला 'करवतीचा घास' म्हणायचे आणि तो आधी काढून ठेवल्याशिवाय खडूची रेघ मारायचे नाहीत. शेठच्या नातवाच्या वाढदिवसाला शेडमध्ये केक आणला होता. माणसं तेवीस. शेठ हौसेने म्हणाले, मामा, तुमच्या हाताने कापा. मामांनी खिशातून टेप काढली, केक मोजला, सुरीची जाडी मोजली, आणि "सुरीचा घास धरला तर..." असं म्हणत बोटांवर हिशोब करायला लागले. नातू रडायला लागला. शेवटी तेवीस तुकडे झाले आणि सगळे इतके सारखे होते की लहान पोरांनाही भांडायला जागा उरली नाही. 'एक घाव दोन तुकडे' ही म्हण त्यांच्यासमोर कुणी वापरली तर ते चिडायचे. म्हणायचे, ज्याने ती केली त्याने जन्मात लोखंड कापलं नसेल.

त्यांचं माप कधीच चुकायचं नाही असं नाही. कधीतरी चुकायचं, पण चुकलं की स्वतः सांगत यायचे. एकदा चाळीस तुकड्यांची ऑर्डर टेम्पोतून गेली. मागून मामांच्या लक्षात आलं की त्यातले तीन तुकडे अर्धा मिलिमीटर आखूड आहेत. मामा जेवण टाकून शेअर जीपने तलासरीपर्यंत त्या टेम्पोच्या मागे गेले. कारखान्याच्या माणसाने तुकडे हातात घेऊन सांगितलं, "अहो मामा, चालतंय एवढं." मामा म्हणाले, "तुझं चालतंय. माझं नाय चालत." तिन्ही तुकडे मांडीवर घेऊन ते परत आले. माझ्याकडून यादीत लिहून घेतलं: तीन नग कमी, चूक मामांची. असा माणूस 'हे असं आहे' म्हणाला की मी पुन्हा तपासायला जात नसे. पुढच्या गोष्टीत ह्याला फार महत्त्व आहे.

आता दसरा.

दसऱ्याला आमच्या दुकानात मामांचा हुकूम चालायचा. आदल्या दिवशी मशीनी धुवायच्या, सकाळी झेंडूच्या माळा, हळदकुंकू. हातातल्या फ्रेमी स्टोअरच्या खोलीत पाटावर मांडायच्या. शेठ नारळ फोडायचे, पेढे वाटायचे, शेडला आणि स्टोअरला कुलूप घालून किल्ल्या घेऊन घरी जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुठल्याही दात्याला हात लावायचा नाही. हायवेवरच्या गॅरेजांचीही हीच रीत. त्या दिवशी चारोटीपासून तलासरीपर्यंत पाना फिरलेला दिसायचा नाही.

पण मामा एक फ्रेम पूजेला बसवायचे नाहीत. दहा पाटावर, अकरावी बाहेर, स्टोअरच्या भिंतीतल्या खिळ्याला, ना कुंकू ना फूल. आणि तिच्याखाली खाट टाकून संध्याकाळच्या शेवटच्या जीपपर्यंत बसून राहायचे. पहिल्या वर्षी मी विचारलं, "ती का बाहेर?"

"ती आज उपाशी."

"का पण?"

"एक उपाशी पायजे."

एवढंच. मामांकडून ह्यापेक्षा जास्त काढायचं म्हणजे दगडाला पाझर फोडणं.

दुसऱ्या वर्षी मला राहवलं नाही. खरं सांगते, कारणं दोन होती. एक म्हणजे माझ्या यादीत फ्रेमी अकरा होत्या आणि पाटावर दहा बघून मला चैन पडत नव्हती. दुसरं, मला त्या अकरावीची दया आली होती. वर्षभर सगळ्यांबरोबर राबायचं आणि सणाच्या दिवशी दाराबाहेर राहायचं, हा कुठला न्याय? आमच्या घरी सणाला शेतावरच्या गड्यालाही आधी पान वाढतात. मामा नळावर हातपाय धूत होते. खिळ्याला त्यांचा सदराही टांगलेला होता. मी सदऱ्याखालून फ्रेम अलगद काढली, सदरा होता तसा ठेवला, फ्रेम आत नेऊन पाटाच्या टोकाला ठेवली आणि तिला जरा ठसठशीतच कुंकू लावलं. शेठनी कुलूप घातलं, गेले. मामा येऊन खाटेवर बसले, खिळ्याकडे पाठ करून. उद्या सकाळी माळा काढताना त्यांचं तोंड कसं होईल ह्या विचाराने मी गालातल्या गालात हसत नाक्याकडे निघाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कळत नाही.

शंभर पावलांवर उसाच्या रसाची गाडी होती. गंजाडकडची एक बाई आणि तिचा नवरा मिळून ती चालवायचे. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची त्या दिवशी गर्दी होती, ऊनही ऑक्टोबरचं. नवरा बर्फ आणायला गेला होता. बाई एकटीच ऊस सारत होती, पैसे घेत होती, ग्लास धूत होती. मी रस मागितला. तिने दुमडलेला ऊस चरकात घातला आणि त्याच्याबरोबर तिची उजव्या हाताची तीन बोटं आत गेली.

ती किंचाळली नाही. "बंद करा," एवढंच म्हणाली. कुणीतरी मोटर बंद केली. चरक थांबला, बोटं दुसऱ्या पेरापर्यंत दोन लोखंडी लाटांच्या, म्हणजे ऊस पिळणाऱ्या रुळांच्या मध्ये. लोकांनी चाक उलटं फिरवून बघितलं, पण आतल्या चाकाचा दाता मोडून अडकला होता. वरची लाट दोन बोल्टांवर घट्ट होती आणि ते बोल्ट गंजाने आणि वर्षानुवर्षांच्या रसाने असे बसले होते की पाना त्यांच्यावरून नुसता घसरत होता. एकजण म्हणाला, "बोल्ट कापायला पाहिजेत." मी तिथून पळाले.

"मामा! रसवालीचा हात चरकात! बोल्ट कापायचे आहेत!"

मामा उठले. एकही प्रश्न विचारला नाही. सदरा बाजूला सारला आणि खिळ्यावर हात टाकला. खिळा रिकामा होता.

त्यांना वाटलं, फ्रेम खाली पडली. त्यांनी खाटेखाली बघितलं. तेलाच्या ड्रममागे बघितलं. भंगाराच्या ढिगाशी गेले, परत आले, पुन्हा ड्रम हलवून बघितला. आणि मी उभी होते. मला माहीत होतं फ्रेम कुठं आहे, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. जिचा आवाज सगळ्यांच्या आधी निघतो म्हणून जी शेडभर प्रसिद्ध, तिच्या तोंडाला नेमकी तेव्हा खीळ बसली. ह्याची लाज मला आजही वाटते, बोटापेक्षा जास्त वाटते.

शेवटी मी म्हणाले, "मामा, ती आत आहे. मी ठेवली. पूजेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत, निदान दिसले तरी नाहीत. भंगारातून एक जाड बाराचा तुकडा उचलला आणि स्टोअरच्या कुलपावर घालायला लागले. लोखंड कापायचं दुकान, आत ढीगभर करवती, आणि बाहेर आम्हा दोघांकडे एक कुलूप कापायला काही नाही. कुलूप शेठनी चांगल्या कंपनीचं घेतलं होतं. तुटलं तेव्हा मामांच्या तळव्याची साल निघाली होती. आत शिरून हाताला लागली ती फ्रेम त्यांनी उचलली, तिच्यावर कुंकू होतं, झेंडूची पाकळी चिकटली होती, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. दसऱ्याला दात्याला हात लावायचा नाही हा ज्यांचा हुकूम, तेच ती फ्रेम घेऊन हायवेच्या कडेने पळत सुटले.

तिथं एका ट्रकवाल्याने हातातला ग्राइंडर काढला होता, म्हणजे चॉप सॉचंच लहान भावंड. शेजारच्या टपरीतून वायर ओढत होता. मी म्हटलं, "मामा, ग्राइंडर आहे! पटकन होईल!"

"पटकन नाय पायजे," मामा म्हणाले. "थंड पायजे. तापलेलं लोखंड तिच्या बोटांना लागलं तर बोटं शिजतील. ओत, पानी ओत."

मी ग्लास धुवायच्या बादलीतलं बर्फाचं पाणी ओतायला लागले. मामांनी बोल्टवर ब्लेड ठेवलं आणि रेटायला सुरुवात केली. रेटायचं, जरा उचलायचं, मागं न्यायचं, पुन्हा रेटायचं. एक झटका चुकीचा बसला असता तर लाट हलली असती. कापता कापता ते त्या बाईशी बोलत होते.

"बाय, घरी शेळ्या किती?"

"चार."

"नावं सांग."

"एक ढवळी... एक कान्ही... मामा, लई दुखतं."

"दुखूं दे. तिसरी?"

तिसरीचं नाव होईपर्यंत पहिला बोल्ट सुटला. दुसऱ्यापाशी ती गप्प झाली, तर मामांनी तिला पुन्हा पहिल्यापासून शेळ्या मोजायला लावल्या. तोही सुटला. चौघांनी लाट उचलली. हात बाहेर आला. तिच्या नवऱ्याने तेवढ्यात बर्फाचं पोतं खांद्यावर घेऊन येऊन ते सगळं बघितलं आणि पोतं तिथंच सोडलं. जीप थांबवून तिला कासाच्या दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी मामा सकाळीच दवाखान्यात जाऊन कामावर आले. दोन बोटं वाचली होती, करंगळीजवळचं काढावं लागलं. शेठ कुलूप बघून म्हणाले, "ताळुं बीजुं आवशे, मामा. हाथ बीजो नहीं आवे." कुलूप दुसरं येईल, हात दुसरा येणार नाही. मला शेठ त्या दिवशी पहिल्यांदा आवडले.

मी मामांना स्टोअरच्या दाराशी गाठलं. "मामा, आपण लवकर पोचलो असतो तर ते बोट..."

"नाय," मामा म्हणाले. "ते आधीच गेलं होतं. आपण पोचलो तवा त्यात काय नव्हतं. मी बघितलं."

अर्ध्या मिलिमीटरसाठी तलासरीला जाणारा माणूस. मी विश्वास ठेवला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं तसं मी धीर करून विचारलं, "एक उपाशी का ठेवता, ते तरी आता सांगा."

त्यांनी हातातल्या ब्लेडला तेल लावत सांगितलं. तरुण असताना ते एका कारखान्यात होते. दसऱ्याचा दिवस, पूजा झालेली. गेटच्या लोखंडी पट्टीखाली एका हमालाचा पाय अडकला. "माज्या हातात करवत होती. कुंकू लावलेली. मी बोललो, आज नाय." त्यांनी ब्लेड उलटून दुसऱ्या बाजूला तेल लावलं. "साहेबाने नाय अडवलं, कोनी नाय अडवलं. मीच बोललो, आज नाय. गेट उचलायला मानसं येईपरेंत पाय गेला." मग ते म्हातारीकडे गेले आणि बटण दाबलं. ह्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

त्यानंतर आणखी दोन दसरे मामा दुकानात होते. दोन्ही वेळा त्यांनी अकरावी फ्रेम माझ्या हातात दिली आणि खिळ्याला मला टांगायला लावली. पुढे गुडघे दुखायला लागले, दोन जीपा बदलणं जमेना, मग ते घरी बसले. मीही दुकान सोडून डहाणूला एका कार्यालयात लागले. रसवालीची गाडी तिथंच होती, पण मी कधी तिथं थांबले नाही. बोट आधीच गेलं होतं हे मला पक्कं माहीत होतं, तरी रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. माणूस स्वतःला किती फसवतो बघा.

मग एका हिवाळ्यात जीप बिघडली आणि नेमकी तिच्या गाडीसमोर उतरावं लागलं. तिने मला ओळखलं. चार बोटांच्या हाताने ग्लास पुढे केला. गप्प बसवेना म्हणून मी म्हटलं, "नशीब, दोन तरी वाचली. ते एक आधीच गेलं होतं म्हणे."

ती हसली. "असंच सांगायचं हाय ना? ते मामा दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात आले व्हते. बोलले, दुकानातली ताई विचारंल, तिला सांग बोट आधीच गेलं होतं. तुमी विचारलंच नाय कधी."

"म्हणजे नव्हतं गेलं?"

"पहिला बोल्ट सुटला तवर मला तिन्ही बोटं कळत होती ताई. मंग हे गार पडलं."

मी तिला तिथंच सगळं सांगितलं. खिळा, कुंकू, माझं गप्प उभं राहणं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुंकू लावलेली करवत होती ना? तरीच दोन वाचली. देवीने वाचवली." मला ते पटलं नाही. पण तिला पटलं होतं, आणि बोट तिचं होतं. तिने रसाचे पैसे घेतले नाहीत, ह्यावरून आमची थोडी झटापटही झाली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मामांच्या पाड्यावर गेले. त्या दिवसांत डहाणू-तलासरीकडे जमीन हलायची. भिंतींना चिरा गेलेल्या, माणसं थंडीत अंगणात ताडपत्र्या लावून झोपायची. मामांच्याही अंगणात ताडपत्रीचा तंबू होता, आणि मामा तंबूच्या दोऱ्या एकसारख्या ताणाच्या आहेत का ते एकेक वाजवून बघत होते. मला बघून म्हणाले, "काय बाय, गाडी उभी हाय काय?"

मामींनी चहा आणला. रात्रीच्या धक्क्यांबद्दल बोलून झालं. कुठला केवढा, ते मामांना अर्थातच पाठ होतं. मामी आत गेल्या तेव्हा मी जीपमध्ये घोकून आणलेलं वाक्य म्हटलं.

"मामा, ते बोट आधी गेलं नव्हतं. तिने सांगितलं मला. माझ्यामुळे दहा मिनिटं गेली."

मामा दोरी हातात धरून उभे राहिले. त्यांचा जबडा हलत होता, कुणी चुकीचं माप सांगितलं की हलायचा तसा. मला वाटलं, आता पुन्हा नाही म्हणणार. पण त्यांना राहवलं नाही.

"सात," ते म्हणाले.

"काय?"

"धा नाय. सात मिनिटं. मोजलीत मी."

ते माझ्यासमोर येऊन बसले, गुडघ्यावर हात टेकत, सावकाश.

"त्यातली चार माझी," ते म्हणाले. "तुला विचारायचं सोडून ड्रमामागं बघत बसलो."

"मामा, मी सांगितलं नाही म्हणून तुम्ही बघत..."

"चार माझी." बारावर खडूची रेघ मारताना यायचा तोच त्यांचा आवाज, त्यापुढे कुणी बोलायचं नसे. "कुलपाची तीन तुझी. तेवढी घे."

मी त्यांच्या अंगणात बसून मोठमोठ्याने रडले. मामी धावत बाहेर आल्या, मामांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि मला रडू दिलं. मग तोंड धुतलं, राहिलेला चहा प्याले, आणि माझी तीन मिनिटं घेऊन दुपारच्या जीपने घरी आले.